पाय नसलेली बदकं

त्या गाडीचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं की वाचणाऱ्याच्या तोंडून ‘अरे वा’ निघेल, आणि ते मला आजही ऐकवत नाही. तीन-चार महिने रोज ऐकलं ते. बंदरावर, बाजारात, कचेरीच्या आवारात, जिथं म्हणून मी ती गाडी उभी केली तिथं कुणीतरी कोट-टोपीवाला पुढं यायचा, बोनेटवरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, “अरे वा, ही तर राजेरजवाड्यांची.” माझ्याकडं कुणी बघायचं नाही. ते मला बरंच वाटायचं, कारण मी पहिल्यापासून भित्रा. कुणी बघितलं की आपलं काहीतरी चुकलंय असंच मला वाटतं.

मी मूळचा वऱ्हाडातला. तिसरीत शाळा सुटली. सरकी काढायच्या कारखान्यात इंजिनाला तेल घालत मोठा झालो, आणि मागं कुणी उरलं नाही तेव्हा मुंबईला येऊन एका मोटारींच्या गॅरेजात लागलो. तिथल्या फोरमनला त्या अमेरिकन कंपनीचा अभिमान असा, की कंपनी त्याच्या आजोबांनी काढली असावी. सकाळी गाड्या पुसताना त्याचं पुराण सुरू व्हायचं. कुणा फ्रेंच सरदारानं अमेरिकेत जाऊन शहर वसवलं, त्या शहरात हा कारखाना, म्हणून गाडीला त्या सरदाराचं नाव आणि पुढं कपाळावर त्याच्या घराण्याची ढाल. मग ती तीन गाड्यांची गोष्ट. विलायतेत पंचांसमोर तीन गाड्या पार खोलल्या, सगळे भाग एका ढिगात मिसळले, त्या ढिगातून पुन्हा तीन गाड्या उभ्या केल्या आणि शर्यतीच्या मैदानावर पळवल्या. एकही अडली नाही. “नट इकडचा तिकडं बसला पायजे, याला म्हणतात कारागिरी,” असं म्हणून तो माझ्याकडं बघायचा. मी इकडचा नट तिकडं बसवण्यात पटाईत होतो, पण माझ्या हातून तो अडायचा. हँडल मारताना कुणा भल्या माणसाला उलटा फटका बसून तो मेला, म्हणून कंपनीनं बटणावर चालू होणारी गाडी काढली, हीसुद्धा गोष्ट तो सांगायचा. ती मला आवडायची. एक माणूस मेला म्हणून कुणीतरी काहीतरी बदललं, एवढं त्यात होतं.

एकोणीसशे तिसाच्या सुमाराला, मंदीत, बड्या लोकांची दिवाळी काही वर्षं नीट झाली नाही. एका पेढीवाल्याची अशीच गाडी गॅरेजात परत आली आणि धूळ खात पडली. ती घ्यायला नागावचे शेट आले. जुन्या मुसलमान व्यापारी घराण्यातले. नारळ, सुकी मासळी, उरणकडचं मीठ असा माल त्यांचे मचवे मुंबईला न्यायचे. पांढरी दाढी, बोलणं हळू. मी गाडीखाली आडवा होतो आणि फोरमन मला वरून शिव्या घालत होता. शेट खाली वाकले आणि म्हणाले, “हा कोण?”

“कामाचा नाही, शेट. गाव ना घर, असला आहे.”

“मग याला गाडीबरोबर द्या. माझ्याकडं घर आहे.”

इतकंच. फोरमन हसला, मी गाडीखालीच रडलो. त्या दिवसापासून शेटांचं अन्न खाल्लं. त्यांनी माझं जेवण शेजारच्या भंडाऱ्याच्या घरी लावून दिलं, कारण मी त्यांच्या घरी जेवायला संकोचलो असतो हे त्यांना न सांगता समजलं. पुढं जे लिहितो ते त्यांचे उपकार विसरून लिहीत नाही.

गाडी शेटांच्याच पडावावर, म्हणजे माल वाहायच्या रुंद होडीवर, घालून समुद्रानं रेवसला आणली. पडावावर तांडेल होता. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. कोळी, पन्नाशीचा, बुटका, मानेनं जाड. शेटांच्या सगळ्या होड्या त्याच्या हुकमात. भरती गाठून धक्क्याला लागलो. फळ्या टाकल्या. मी गाडीत बसलो, तांडेल आणि त्याचा धाकटा भाऊ पुढं उभे राहून हातानं दाखवत होते. भाऊ म्हणजे तिशीतला गडी, सारखा हसणारा. मधली फळी करकरली. मला वाटलं गाडी पाण्यात जाते. मी घाबरून ब्रेकच्या जागी भलताच पाय दाबला, गाडी एकदम पुढं आली, फळीवरून धक्क्यावर चढली आणि भावाच्या उजव्या पावलावरून गेली.

तो ओरडलासुद्धा नाही. खाली बसला आणि पायाकडं बघत राहिला. चार बोटं गेली.

शेटांनी त्याला लगेच अलिबागला डॉक्टरकडं पाठवलं. मी त्याच्याजवळ जायला निघालो तेव्हा शेट म्हणाले, “तू गाडी बघ. माझी माणसं आहेत, मी बघतो.” मी गाडी बघितली. ही माझी पहिली चूक, आणि तीच मोठी. नंतर किती दिवस मी मनाशी घोकत होतो की उद्या त्याच्या घरी जाईन. गेलो नाही. गेलो असतो तर तांडेल काय बोलेल या भीतीनं गेलो नाही, आणि न गेल्यामुळं तो काय समजला असेल या भीतीनं आणखी गेलो नाही.

गावात गाडीचं स्वागत झालं ते असं. टांगेवाले तोंड फिरवायचे. बागायतवाले म्हणायचे, हिच्या आवाजानं सुपारी गळते. रस्त्याकडेला बोंबील वाळत घालणाऱ्या कोळणी आम्ही गेलो की धुळीनं भरलेल्या काठ्यांकडं हात करून माझ्या आईबापांचा उद्धार करायच्या. एकीनं पहिल्याच आठवड्यात नाव ठेवलं, “ती बग शेटाची म्हस.” काळी, रुंद, जागची हलायला वेळ लावणारी. नाव चिकटलं. जगातल्या राजांनी जिला नावाजलं ती आमच्याकडं म्हैस झाली, आणि मी म्हशीवाला घाटी. घाटापलीकडचा तो घाटी, एवढंच त्यांना माहीत. वऱ्हाड घाटापासून किती लांब आहे हे मी सांगायचा प्रयत्न केला, पण सांगताना तोंडून ‘मले’ गेलं. मग काय. मी दिसलो की कुणीतरी म्हणायचं, “मले म्हस दे, तुले रेडकू देतो.”

भाऊ महिन्याभरानं काठीवर चालत आला तो गाडीपाशीच आला. मी पुसत होतो.  तो वाकून कपाळावरची ढाल बघत राहिला. ढालीत लहान लहान बदकं कोरलेली होती, चोच होती, पंख होते.

“दादा, ह्यांना पाय न्हायत,” तो तांडेलाला म्हणाला.

तांडेल लांबूनच म्हणाला, “मंग चालनार न्हाय ही. लिवूनच दिलंय त्यांनी.”

अंगणातली माणसं हसली. भाऊही हसला. मी मान घालून चाक पुसत राहिलो, जिथं पुसायचं काही नव्हतं.

पावसाळा तोंडावर आला तसा गाडी कुठं ठेवायची हा प्रश्न आला. शेटांच्या वाडीत किनाऱ्यालगत एक मोठी खोप होती, नारळीच्या झापांनी शाकारलेली. लहान मचवा पावसाळ्यात तिच्यात ओढून ठेवायचे. तांडेलाचे वडील, आजे त्याच खोपीत होडी ठेवत आले. शेटांनी सांगितलं, यंदा गाडी आत राहील, मचवा बाहेर झापांखाली ठेवा. तांडेल हो म्हणाला. दोन दिवस तो मचव्याला मुशी माशाचं तेल चोळत राहिला. मला एकदाच म्हणाला, “बस आत तुझ्या म्हशीपाशी.”

मला काळजी गाडीची. शेटांच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं, पाऊस सरल्यावर. मुलाकडची मंडळी मुंबईची, तालेवार. शेट चारचौघांत म्हणाले होते, “रेवसला उतरतील तेव्हा माझी गाडी उभी असेल.” त्यांनी कधी कुठल्या गोष्टीची बढाई मारली नव्हती, ही एकच. आणि ती गाडी माझ्या हातात. ती त्या दिवशी उभी राहिली नाही तर शेट मला कशाला ठेवतील? आणि त्यांनी नाही ठेवलं तर मी जाणार कुठं? गॅरेजात? त्या पावसाळ्यात दुसरा विचार माझ्या डोक्यात नव्हता.

वऱ्हाडात धान्य, यंत्र, काहीही जपायचं तर पोत्यानं झाकतात. खोपीच्या कोपऱ्यात रिकाम्या पोत्यांची थप्पी होती. मी चांगली जाड पोती निवडून घेतली. गाडीवर घातली, दिव्यांना गुंडाळली. खालून ओल चढू नये म्हणून जमिनीवर अंथरली. उंदीर शिरू नयेत म्हणून गाडीच्या पोटाखाली, ब्रेकच्या सळयांभोवती दाबून बसवली. मुलाला दुपट्यात गुंडाळावं तसं केलं. बाहेर तांडेल आणि त्याची माणसं मचव्यावर झाप बांधत होती. दारातून सगळं दिसत होतं. तांडेल मध्येच हात थांबवून बघत राहिला, मग पुन्हा गाठ मारू लागला. मला वाटलं, माझी मेहनत बघून गप्प झाला.

चार महिने मी रोज जाऊन पोती जागच्या जागी आहेत का बघत होतो. ती ओली लागायची. मी म्हणायचो, पावसाळाच आहे.

ती मिठाची पोती होती.

खाडीकाठच्या रांगत्या पोरालासुद्धा ठाऊक असतं की मिठाचं पोतं रिकामं झालं तरी रिकामं नसतं. पावसाळ्यात ते हवेतलं पाणी ओढतं आणि गळत राहतं. म्हणून मिठाचं पोतं होडीच्या खिळ्यांपाशी कुणी ठेवत नाही. ते कोपऱ्यात वेगळं टाकलेलं होतं तेही म्हणूनच. मला ठाऊक नव्हतं. मी कोरड्या मुलखातला.

भाद्रपदात ऊन पडलं आणि मी पोती काढली. दिव्यांच्या चकचकीत कडांवर पांढरी बुरशी आल्यासारखं झालं होतं आणि ती पुसली की खालचं पितळ हिरवं दिसत होतं. दारांचा काळा रंग फोड येऊन उठला होता. खाली आडवा झालो तर सळयांवरून तांबडा भुगा डोळ्यांत पडला. मी पोतं तोंडाजवळ नेलं आणि जीभ लावली. 

शेटांना सांगितलं नाही. नारळाच्या सोडणानं घासलं, काजळी-तेल लावून डाग काळे केले. लांबून बघणाऱ्याला कळलं नसतं. सळयांचं काय करावं सुचेना, म्हणून फोरमनला पत्र लिहिलं. माझं अक्षर बघून तो हसला असेल. पण कार्ड आलं. लिहिलं होतं, भाग अमेरिकेहून बोटीनं येईल, काही महिने लागतील, तोवर काळजी नसावी, या कंपनीच्या एका गाडीचा भाग दुसऱ्या गाडीला तंतोतंत बसतो. मी ते कार्ड चार वेळा वाचलं. बसतो, मान्य. पण आख्ख्या कुलाबा जिल्ह्यात मी दुसरी तशी गाडी पाहिली नव्हती. तीन गाड्यांचा ढीग करायला आणखी दोन कुठून आणू? त्या दिवसापासून मला त्या कंपनीचा जो राग आला तो गेला नाही. तिची चूक काहीच नव्हती, हे कळत होतं, त्यानं राग वाढला.

होडीचे खिळे ठोकणारा लोहार होता, त्याच्याकडं सळई घेऊन गेलो. त्यानं हातात घेतलीसुद्धा नाही.

“मी ह्या कामाला हात लावनार न्हाय.”

“का? शेटांचंच काम आहे.”

“शेटांनी सांगूदे. तू सांगितलंस तर तांडेल मला इचारील.”

शेटांना सांगायचं म्हणजे पोत्यांचं सांगायचं. मी सळई परत बसवली.

मंडळी यायच्या आदल्या दिवशी, सकाळी, मी वाडीतल्या उतारावर गाडी चालवून बघितली. बटण दाबलं, लगेच चालू झाली. ते इंजिन खरोखर गुणाचं, तेवढं म्हणावंच लागेल. उतारावर ब्रेक दाबला, धरला, सुटला, आणि खालून काहीतरी तुटल्याचा आवाज आला. गाडी जाऊन कुंपणाच्या निवडुंगात थांबली. खाली वाकून बघितलं तर सळईचा आट्यांचा भाग वाळल्या काडीसारखा मोडला होता.

तारेनं बांधता आली असती. बांधायला घेतलीही. रेवसहून नागाव, वाटेत चढ-उतार, खाडीवरचा बांध, आणि गाडीत शेटांचे व्याही, त्यांच्या घरच्या बायका. कदाचित निभावलंही असतं. मी तार पिळत होतो आणि माझ्या डोळ्यांसमोर ते पाऊल आलं, धक्क्यावरचं. मी तार टाकली.

शेट दुपारची नमाज पढून ओटीवर बसले होते. लग्नाच्या तयारीची माणसं अंगणात. तांडेल दोऱ्या घेऊन आलेला, भाऊ मांडवाच्या खांबाला टेकून उभा. एकट्यात सांगावं असं मनात होतं. पण एकट्यात सांगायची वेळ मी तीन आठवडे आधीच घालवली होती.

“शेट, गाडी उद्या नेता येणार नाही. ब्रेक गेलाय.”

“दुरुस्त कर.”

“होत नाही. मिठानं खाल्लाय. पावसाळ्यात मी मिठाची पोती घातली होती.”

 शेटांनी दाढीवरून हात फिरवला.

“मिठाची.”

“मला ठाऊक नव्हतं, शेट.”

“आणि पाऊस जाऊन किती दिवस झाले?”

 

शेट तांडेलाकडं वळले. “खोपीसमोर मचवा बांधत होतास तू. तुला दिसली नाहीत पोती?”

तांडेलानं दोऱ्या खाली ठेवल्या. “दिसली.”

“मग?”

“ह्याला सांगायला माजं तोंड उगडलं न्हाय. माज्या भावाच्या पायावनं गाडी नेली ह्यानं. आठ म्हैनं एका वाडीत ऱ्हातोय. कंदी आला न्हाय इचाराय, कसा हायस म्हून. मी बी म्हनलो, मी कशाला सांगू?”

“तू मला सांगायचंस.”

“तुमी ह्याला म्हनलात, गाडी बग. पायाकडं बगा असं कोनी म्हनलं न्हाय, शेट.”

 शेट माझ्यावर चिडतील असं मला वाटलं होतं, तांडेलावर चिडतील असंही वाटलं. ते खाली मान घालून आपल्याच पायांकडं बघत होते. मग म्हणाले, “टांगेवाल्यांना बोलवा.”

टांगेवाले आले. इतके महिने तोंड फिरवणारी माणसं, त्या दिवशी आरामात आली. एकानं विचारलं, “म्हस आटली काय, शेट?” शेटांनी ते ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी मुंबईची मंडळी टांग्यांतून आली, एक चाक वाटेत निसटलं म्हणून उशिरा आली. गाडीचं काय झालं हे व्याह्यांनी विचारलंच. शेटांनी सांगितलं, “माझ्या माणसांकडं नीट बघता आलं नाही मला.” व्याह्यांना ते समजलं नसावं. लग्न झालं.

मांडव घालणाऱ्या गड्यांनी गाडी निवडुंगातून काढून परत खोपीत लोटली होती. मी माझी वळकटी बांधून ठेवली होती. लग्नानंतर चौथ्या दिवशी शेट खोपीपाशी आले आणि म्हणाले, “गाडी बाहेर काढा, येत्या पावसाळ्यापासून मचवा आत.” माझ्याकडं न बघता पुढं म्हणाले, “तू वखारीत पोती मोजायला उद्यापासून. कुठली कशाची, ते आधी शिकून घे.” मी पायाला हात लावायला वाकलो, तर ते निघून गेले होते.

गाडी ढकलायला तांडेलाची माणसं पुढं आली नाहीत. मी एकटा खांदा लावून बसलो. ती हलेना. शेवटी भाऊच आला, काठी टाकली, एका पायावर जोर देऊन माझ्याशेजारी उभा राहिला. मग बाकीचे आले. उंडीच्या झाडाखाली ती उभी केली आणि तिथून ती पुन्हा निघाली नाही. खाऱ्या वाऱ्यानं दोन-तीन वर्षांत खाल्ली.

माणसं पांगली तेव्हा भाऊ राहिला. मी त्याला जे म्हणायचं होतं ते आठ महिने जुळवत होतो. त्यातलं एक वाक्य आठवेना.

“दुखतो का पाय?” एवढंच आलं.

“पावसात दुखतो.” मग त्यानं कपाळावरच्या ढालीकडं बोट केलं. “ती मला दे. माज्याच बिरादरीची हायत.”

मी पान्हा आणून ती काढून दिली. पुढं कधीतरी वखारीत आलेल्या एका शिकलेल्या गृहस्थांनी सांगितलं की तो फ्रेंच सरदार मुळात सरदार नव्हताच असं म्हणतात, नाव आणि ढाल त्यानं स्वतःच जुळवून घेतली होती. मला फोरमन आठवला.

भावानं ती ढाल कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला ठोकली. वखारीचा रस्ता त्याच्या घरावरून जायचा. तांडेल मेला तोवर माझ्याशी बोलला नाही, एकदाही नाही. पण भाऊ सकाळी दारात बसलेला असायचा, पाय पुढं पसरून. मी दिसलो की विचारायचा, “काय रं घाटी, चालू झाली का म्हस?”

“न्हाय,” मी म्हणायचो. मी ‘न्हाय’ म्हणायला लागलोय हे पहिल्यांदा त्याच्याच लक्षात आलं.